मांजर-कुत्र्याच्या घरात होयाची वेल

शहरी सदनिकेतील हिरवाईची सुरुवात बहुधा मनी प्लांटपासून होते. शेजाऱ्यांकडून आणलेली एखादी फांदी पाण्याच्या बाटलीत खोचली जाते आणि वर्षभरात ती खिडकीच्या गजांवरून, पुस्तकांच्या कपाटावरून खाली लोंबू लागते. पुढे त्या घरात मांजराचे पिल्लू किंवा कुत्रा येतो आणि हीच वेल त्याचे खेळणे होते. वाऱ्याने हलणाऱ्या पानावर मांजराचा पंजा पडतो; दात येत असलेले कुत्र्याचे पिल्लू देठ चावत बसते. थोड्याच वेळात त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते, ते पंजाने तोंड चोळते, समोर ठेवलेल्या अन्नाला तोंड लावत नाही. घरच्यांना मात्र याचे कारण चटकन लक्षात येत नाही.

हे कारण मराठी स्वयंपाकघराला अपरिचित नाही. मनी प्लांट ही अळू आणि सुरणाच्या कुळातील वनस्पती आहे. अळू नीट शिजले नाही किंवा त्यात चिंच घालायची राहिली, तर घसा खवखवतो. पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक जिभेत आणि घशात रुततात, म्हणून ही खाज येते. मनी प्लांटच्या पानांत व देठांत असेच स्फटिक असतात आणि प्राणी ती पाने कच्चीच चावतो. डिफेनबेकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम आणि पीस लिली ही दिवाणखान्यात नेहमी दिसणारी झाडेही याच कुळातील आहेत. यांच्यामुळे प्राणी दगावण्याचे प्रसंग क्वचितच येतात. परंतु तोंडाची आग, सूज आणि उलट्या यांचा त्रास खराच असतो. घशाला सूज आल्यास श्वासही अडखळू शकतो.

म्हणून लोंबत्या वेलींची हौस सोडून देण्याचे मात्र कारण नाही. मनी प्लांटची जागा घेऊ शकतील अशा काही वनस्पती आहेत आणि त्यांत होयाचा क्रमांक वरचा लागतो.

होया म्हणजे काय?

रोपवाटिकांत ही वेल ‘होया’ किंवा ‘वॅक्स प्लांट’ या नावाने मिळते. जाड, गुळगुळीत, मेण लावल्यासारखी चकाकणारी पाने आणि छोट्या चांदण्यांचे गुच्छ वाटावेत अशी फुले ही तिची ओळख. सर्वाधिक प्रचलित असलेल्या होया कार्नोसा या जातीची फुले फिकट गुलाबी असून मध्यभागी तांबडी चांदणी असते. त्यांना रात्री अधिक सुगंध येतो. मूळची ही जात पूर्व आशियातील आहे.

इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँडच्या ड्यूकच्या सायन हाउस येथील बागेचे प्रमुख माळी टॉमस हॉय यांच्या सन्मानार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. नाव परदेशी असले, तरी ही वनस्पती आपल्याला अगदीच परकी नाही. पश्चिम घाटातील जंगलांत होया वायटी ही जात झाडांच्या खोडांवर वाढते. मद्रास इलाख्यात काम केलेले स्कॉटिश शल्यचिकित्सक व वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांचे नाव तिला मिळाले आहे.

बहुतेक होया अपिवनस्पती आहेत. म्हणजे त्या दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढतात. पण बांडगुळाप्रमाणे त्याचे अन्न शोषत नाहीत. सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा, पावसाचे पाणी आणि हवेतील दमटपणा यांवर त्यांचा निर्वाह होतो. होयाच्या निगेचे बहुतेक सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

रुई, कण्हेर आणि सह्याद्रीतील कंदीलपुष्प ही होयाच्याच कुळातील मंडळी. यांतील रुई आणि कण्हेर विषारी आहेत. होयाचे पान तोडले असता रुईसारखाच पांढरा चीक येतो. त्यामुळे ती खरोखरच सुरक्षित आहे का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत १८६६ साली स्थापन झालेल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेने घरगुती झाडांची विषारी आणि बिनविषारी अशी यादी केली आहे. तीत होया कार्नोसा ही कुत्री व मांजरे या दोघांसाठी बिनविषारी म्हणून नोंदलेली आहे. एक भेद मात्र लक्षात ठेवावा. बिनविषारी म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. कोणत्याही झाडाची बरीच पाने पोटात गेली, तर प्राण्याला उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. शिवाय होयाच्या चिकाने संवेदनशील त्वचेची जळजळ होते. छाटणीनंतर हात धुणे इष्ट.

खरेदी करताना

रोपवाटिकेतील बोलीभाषेतल्या नावांवर विसंबून राहू नये. ‘वॅक्स आयव्ही’ या नावाने मिळणारी वेल होया नसून सेनेसिओ या वेगळ्याच प्रजातीतील आहे आणि ती प्राण्यांना अपायकारक ठरू शकते. मण्यांच्या माळेसारखी दिसणारी ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ आणि भिंतीवर चढणारी ‘इंग्लिश आयव्ही’ याही प्राण्यांच्या घरात नकोत. कुंडीवरील चिठ्ठीवर ‘होया’ हे शास्त्रीय नाव असल्याची खात्री करावी. दोरासारखी पिळदार पाने असलेला ‘हिंदू रोप’ हा प्रकार होया कार्नोसाचाच आहे.

व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास छोट्या कुंडीत खोचलेले हृदयाच्या आकाराचे एकच पान विकले जाते. ते होया केरी या जातीचे असते. या पानाला मुळे फुटतात आणि ते वर्षानुवर्षे हिरवे राहते. परंतु त्याला खोडाचा पेराजवळचा तुकडा जोडलेला नसेल, तर त्यातून वेल कधीच वाढत नाही. वेल हवी असल्यास निदान दोन-तीन पेरे असलेले रोप निवडावे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का, हेही घेण्यापूर्वी पाहावे.

प्रकाश आणि जागा

जंगलात होया मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते; पण ती सावली गाळीव उन्हाची असते, अंधाराची नव्हे. त्यामुळे पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे कोवळे ऊन तिला सर्वांत मानवते. खिडकीपासून २-३ फुटांच्या आत जागा असावी. पश्चिमेच्या खिडकीत पातळ पडदा हवा; अन्यथा एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या उन्हाने पाने पिवळी पडतात आणि त्यांवर करपल्याचे डाग येतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर वेल घरातच ठेवलेली बरी. अंधाऱ्या कोपऱ्यातही ती जगते. परंतु वाढत नाही आणि फुलतही नाही.

कोकणपट्टी आणि मुंबईची दमट हवा होयाला मानवते. पुणे-नाशिककडील थंडीत पारा १० अंशांच्या खाली जाऊ लागला, की उघड्या गॅलरीतील कुंडी आत घ्यावी. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट वेलीवर येणार नाही, याची काळजी घ्यावी.

कुंडी आणि मिश्रण

मुंबई-पुण्याकडे रोपे बहुधा तांबड्या चिकट मातीत विकली जातात. पाणी पडून ही माती घट्ट बसते आणि झाडाच्या सालीवर, मोकळ्या हवेत वाढण्याची सवय असलेली होयाची मुळे त्यात गुदमरतात. रोप घरी आणल्यावर दोन आठवडे नव्या जागेत स्थिरावू द्यावे. त्यानंतर जुनी माती अलगद सोडवून ते मोकळ्या मिश्रणात लावावे. नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, कोकोपीट १ भाग, पर्लाइट किंवा विटांचे बारीक तुकडे १ भाग, त्यात थोडा लाकडी कोळशाचा चुरा आणि मूठभर गांडूळखत असे मिश्रण पुरेसे होते. पाणी घातल्यावर ते काही क्षणांतच तळाच्या छिद्रातून बाहेर आले, तर मिश्रण जमले असे समजावे.

कुंडी लहानच निवडावी. होयाची मुळे थोडी दाटीने वाढलेली चांगली. मोठ्या कुंडीतील मिश्रण दिवसेंदिवस ओले राहते आणि मुळे कुजतात. दोन-तीन वर्षांनी एकदा कुंडी बदलणे पुरते आणि तीही आधीच्यापेक्षा एखाद्या इंचानेच मोठी घ्यावी.

पाणी : कमी तेच बरे

घरातील होया दगावते ती बहुतेक वेळा तहानेने नव्हे, तर जास्त पाण्याने. तिची जाड पाने म्हणजे पाण्याची साठवण होय. रोज थोडे थोडे पाणी घालण्याची सवय तुळशीला चालते, होयाला नाही. बोट दोन इंच आत खुपसून पाहावे. मिश्रण कोरडे लागले, तरच भरपूर पाणी द्यावे आणि ते पूर्ण निथळू द्यावे. खालच्या बशीत साचलेले पाणी टाकून द्यावे.

पानही तहान सांगते. पक्व पान अलगद दुमडून पाहावे. ते टणक असेल, तर पाण्याची गरज नाही. मऊ पडून सहज वाकत असेल, तर पाणी द्यावे. पान मऊ आणि पिवळे, पण मिश्रण मात्र ओले असेल, तर मुळे कुजू लागल्याची शक्यता असते. अशा वेळी रोप काढून काळी, बुळबुळीत मुळे कापून टाकावीत आणि ते नव्या कोरड्या मिश्रणात लावावे.

उन्हाळ्यात साधारण आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी लागते. पावसाळ्यात ते अंतर १०-१५ दिवसांवरही जाऊ शकते. अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी येते. ते वापरल्यास पानांवर पांढरट डाग उमटतात. पावसाचे साठवलेले पाणी मिळाल्यास उत्तम. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानांवरील धूळ पुसावी. पानांना चकाकी आणणारे फवारे मात्र वापरू नयेत. मांजर पान चाटते, तेव्हा तो फवारा तिच्या पोटात जातो.

कापू नये असा देठ

होयाला दोन प्रकारच्या फांद्या फुटतात आणि अजाणतेपणी नेमक्या त्याच कापल्या जातात. पहिली म्हणजे लांब, पानांविना वाढणारी दोरीसारखी फांदी. ती वाळकी वाटते. प्रत्यक्षात ती आधार शोधत असते आणि तिच्यावर पाने मागाहून येतात. दुसरा म्हणजे फुले गळून गेल्यावर उरणारा इंचभराचा बोडका देठ. पुढच्या हंगामात त्याच देठावर पुन्हा फुलांचा गुच्छ येतो. तो खुडला, तर पुढचे फुलोरेही त्यासोबत जातात.

फांदीपासून वाढवलेल्या वेलीला फुले येण्यास दोन-तीन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. कळ्या दिसू लागल्यावर कुंडीची जागा बदलू नये. प्रकाशाची दिशा बदलली, की कळ्या गळतात. फुलांतून मधाचे थेंब ठिबकतात आणि मुंग्या येतात. फुलांचे गुच्छ सोफ्यावर लोंबणार नाहीत, अशी जागा आधीच पाहिलेली बरी.

खत आणि औषध : धोका कुंडीत

झाड बिनविषारी निवडले, की आपले काम झाले असे अनेकांना वाटते. मात्र झाडापेक्षा कुंडीत घातलेला माल प्राण्याला अधिक घातक ठरू शकतो.

सेंद्रिय खत म्हणून मिळणाऱ्या एरंडीच्या पेंडीचे उदाहरण घेता येईल. एरंडीच्या बीमध्ये रायसिन हे अतिजहाल विष असते आणि तेल काढल्यावर ते पेंडीत शिल्लक राहू शकते. पेंडीचा वास कुत्र्यांना आकर्षित करतो. ती खाल्ल्यास काही तासांत किंवा एखाद्या दिवसाने उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि प्राणी दगावूही शकतो. हाडांचा चुरा, म्हणजेच बोनमील विषारी नसले, तरी कुत्रे ते अधाशीपणे खाते आणि पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. प्राणी असलेल्या घरात ही दोन्ही खते आणू नयेत. ‘मिश्र सेंद्रिय खत’ असे लिहिलेल्या पिशवीत नेमके काय आहे, हे विक्रेत्याकडून विचारून घ्यावे.

होयाला मुळात खत फार लागत नाही. वाढीच्या दिवसांत दोन महिन्यांतून एकदा मूठभर मुरलेले गांडूळखत किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा दिले तरी पुरते. खताची पिशवी बंद कपाटात असावी.

किडींपैकी पिठ्या ढेकूण हा होयाचा मुख्य शत्रू. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावाही येतो; रुई आणि कण्हेरीवर दिसणारा हाच तो मावा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पिठ्या ढेकूण टिपून काढावेत. मावा असल्यास शेंडे सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन काढावेत. कडुनिंबाचे तेल फवारायचे असल्यास कुंडी न्हाणीघरात न्यावी आणि पाने पूर्ण वाळेपर्यंत दार बंद ठेवावे.

तीव्र कीटकनाशके टाळावीत. पर्मेथ्रिन हे अनेक कीटकनाशकांत असणारे द्रव्य मांजरांना विषारी असून त्यामुळे त्यांना झटके येऊ शकतात. पावसाळ्यात गॅलरीत गोगलगायी आल्या, की त्यांना मारण्याच्या गोळ्या कुंड्यांत टाकल्या जातात. त्यांतील मेटाल्डिहाइड कुत्र्यांसाठी प्राणघातक आहे. गोगलगायी हाताने वेचणे हाच प्राण्यांच्या घरातील योग्य उपाय.

टांगणी कुठे असावी?

वेल सुरक्षित असली, तरी टांगलेली कुंडी सुरक्षित असेलच असे नाही. पाणी दिल्यावर कुंडीचे वजन बरेच वाढते. आकडा छतात पक्का बसवलेला हवा. मांजर माणसाच्या उंचीइतकी उडी सहज मारते. त्यामुळे टांगणीजवळ कपाट, टेबल किंवा खिडकीची कड अशी पायरी नसावी. वेलीची टोके हलताना दिसली, की मांजर झेपावणारच. ती लोंबू न देता तारेच्या कड्यावर गोल वळवून घेता येतात. होयाला असे गुंडाळणे मानवते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाळी नसलेल्या गॅलरीत कठड्याजवळ वेल टांगू नये. हलत्या पानामागे किंवा फुलावर आलेल्या फुलपाखरामागे झेप घेणारे मांजर थेट खाली पडू शकते. उंच इमारतींच्या शहरांत असे अपघात इतके होतात, की पशुवैद्यकांनी त्यांतील दुखापतींना ‘हाय-राइज सिंड्रोम’ असे स्वतंत्र नाव दिले आहे.

पाने चघळण्याची मांजराची इच्छा शिक्षेने जात नाही. तिला तिच्या हक्काची कुंडी द्यावी. वाडग्यात मातीवर गहू पसरून पाणी शिंपडले, की आठवड्याभरात गव्हांकुर वर येतात. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालणाऱ्या घरांना ही कृती वेगळी सांगायला नको. हिरवे कोंब मिळाले, की मांजराचे वेलीकडील लक्ष बरेच कमी होते.

एका वेलीच्या अनेक वेली

दोन पेरांची निरोगी फांदी धारदार कात्रीने कापावी. चीक थांबून कापलेला भाग वाळेपर्यंत काही तास ती सावलीत ठेवावी. नंतर खालचे पेर ओलसर कोकोपीटमध्ये किंवा पाण्यात बुडेल अशी लावावी. साधारण महिनाभरात मुळे फुटतात. मार्च ते सप्टेंबर हा काळ यासाठी अनुकूल. फांदी कोणाला भेट द्यायची असेल, तर सोबत नावाची चिठ्ठीही द्यावी.

प्राण्याने पान खाल्ले तर

होयाचे एखादे पान खाल्ले, तर घाबरण्याचे कारण नाही. तोंडातील उरलेला तुकडा काढावा, पिण्यास पाणी ठेवावे आणि दिवसभर लक्ष ठेवावे. उलट्या थांबत नसतील किंवा प्राणी मलूल झाला असेल, तर पशुवैद्यकाकडे न्यावे.

मनी प्लांट किंवा त्याच्या कुळातील झाड चावले असेल, तर ओल्या फडक्याने तोंड पुसून काढावे व पाणी पाजावे. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करविण्याचा घरगुती प्रयोग करू नये. त्यात इजा वाढण्याचाच संभव अधिक. तोंड सुजले किंवा श्वास जड झाला, तर वेळ दवडू नये. खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा छायाचित्र सोबत न्यावे; निदान लवकर होते.

दोन झाडांच्या बाबतीत मात्र लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये. पहिले म्हणजे फुलांच्या गुच्छांत येणारी एशियाटिक व ओरिएंटल लिली. तिचे पान, परागकण, इतकेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीही मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते. दुसरे म्हणजे शोभेसाठी लावला जाणारा सायकस ऊर्फ सागो पाम. त्याच्या बिया कुत्र्याच्या यकृतावर घाला घालतात. ही झाडे घरात असल्यास ती हलवणे हेच शहाणपणाचे.

होयाची निगा म्हणजे हात आवरण्याची सवय. पाणी कमी, खत कमी, कात्री कमी आणि जागेची हलवाहलव तर नाहीच. एवढे पाळले, तर ही वेल अनेक वर्षे घरात राहते आणि एखाद्या रात्री दिवाणखान्यात अनोळखी सुगंध दरवळतो. त्या वेळी खाली गव्हांकुराच्या वाडग्याशी मांजर निवांत बसलेले असावे, यासाठीच ही सारी खबरदारी.